लेकीचा वाटा आणि धर्माचं नाव : सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, घरात वाटणीचा विषय निघाला की कुणीतरी मोठं माणूस म्हणतंच, "आपल्या धर्मात लेकीला शेतात वाटा नसतोय, लग्न करून दिलं, सोनं घातलं, झालं की." आणि मग बहीण सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून येते. हे वाक्य आलं कुठनं, आणि धर्मानं बाई-पुरुषात फरक नेमका कुठं केलाय, हे शोधायला गेलं तर आपल्याच मुलखाचा इतिहास निघतोय. माझं म्हणणं एवढंच की आमच्याकडच्या धर्मांनी बाईला देवाजवळ बऱ्यापैकी जागा दिली, पण जमिनीजवळ येऊ दिलं नाही.

सुरुवात कल्याणातनं करावी लागते, म्हणजे आताचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. अकराव्या शतकाचा शेवट नाहीतर बाराव्याची सुरुवात, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात तिथं विज्ञानेश्वर पंडितांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याला जन्मतःच हक्क हे तिच्यातलं मुख्य तत्त्व, मुलीला तसा हक्क नाही. पण लोक पुढचं सांगत नाहीत. त्याच मिताक्षरेत स्त्रीधनाचा अर्थ चांगला मोकळा केलाय, बाईला वारसानं आलेली आणि तिनं विकत घेतलेली मिळकतही त्यात धरलीय, आणि भावांपासनं वेगळा निघालेला माणूस मुलगा नसताना वारला तर त्याची बायको वारस हेही ठामपणे मांडलंय. इंग्रजी अमलात कोर्टांनी ग्रंथ धरला तो कायदा म्हणून, आणि विधवेच्या हातात आलेली जमीन तिनं जिवंत असेपर्यंत वापरायची, मनासारखी विकायची नाही, हे पक्कं होऊन बसलं.

त्याच कल्याणात बाराव्या शतकाच्या मध्यात बिज्जळ राजाच्या राज्यात बसवण्णा आणि शरण, म्हणजे त्यांच्या वाटेनं चाललेले शिवभक्त, आले, लिंगायत समाज त्यांच्यातनंच उभा राहिला. इष्टलिंग, म्हणजे अंगावर वागवायचं लहान शिवलिंग, बाईच्याही गळ्यात, पाळीचा विटाळ नाही, बाळंतपणाचं सुतक नाही. अक्कमहादेवी नवरा, घरदार सगळं सोडून चन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवालाच, पती मानून निघाली आणि शरणांनी तिला मान दिला. शिवभक्त कवी देवर दासिमय्यांचं एक वचन तर आजही कुठल्याही चर्चेत ठेवावं असं आहे, त्याचा मथितार्थ असा की स्तन आणि केस आले की बाई म्हणतात, दाढीमिशा आल्या की पुरुष म्हणतात, पण मधला आत्मा बाईही नाही आणि पुरुषही नाही. इतकं सगळं म्हणूनही लिंगायत घरांतली शेती मात्र पुढं मिताक्षरेच्या नियमानंच वाटली गेली, हे मला फार लागतं.

आमच्या वारकरी बाजूलाही तेच. सोयराबाईनं विचारलं, सगळे देहाला विटाळ म्हणतात, पण विटाळाशिवाय देह जन्मलाच कुठं? जनाबाई तर डोईचा पदर खांद्यावर टाकून भरल्या बाजारात जायला निघाली. दिंडीत बायका आजही डोक्यावर तुळस घेऊन चालतात, घरी आल्यावर उताऱ्यावर नाव भावाचंच.

शेजारच्या जैन समाजात, आमच्याकडं दिगंबर जास्त, स्त्रीदेहातनं थेट मोक्ष नाही असं मानतात, श्वेतांबर म्हणतात मिळतोय. मुसलमानांत लेकीचा वाटा ठरलेलाच, भावाच्या निम्मा.

सगळ्यात गुंतागुंतीची गोष्ट बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावरची, यल्लम्मा देवीची. मार्गशीर्षातल्या पुनवेला यल्लम्मा रांडाव, म्हणजे विधवा, होते, बांगड्या फुटतात, आणि माघातल्या पुनवेला परत आहेव, म्हणजे सवाष्ण, होते. देवीला तो मान परत मिळतो, बाईला मिळत नव्हता, म्हणून बेळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला तो मला मोठा वाटतो. आणि याच देवीच्या नावानं मुली सोडल्या, म्हणजे देवदासी केल्या, बहुतेक दलित घरातल्या. देवाशी लग्न म्हणून अशी सोडलेली बाई, म्हणजे जोगतीण, कधी रांडाव होत नाही, आणि मुलगा नसलेल्या कितीतरी घरांत मुलगी सोडायचं कारण हेच की ती बापाच्या घरी राहील, मुलग्यासारखा वाटा घेईल, क्रियाकर्मही करील. म्हणजे लेकीला वारस करायची वाट धर्मात होती, पण तिचा मोबदला त्या पोरीच्या शरीरातनं वसूल व्हायचा, आणि याला परंपरा म्हणून हात जोडायला मी तरी तयार नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना १९३४ चा देवदासी संरक्षणाचा कायदा आला, मग कर्नाटकानं १९८२ मध्ये मुली सोडण्यावर बंदी घातली. त्याच डोंगरावर पुरुष म्हणून जन्मलेल्या पण अंगात यल्लम्मा आली म्हणून लुगडं नेसणाऱ्या जोगप्पांनाही जागा मिळाली, त्यांच्यातल्याच मंजम्मा जोगती, बळ्ळारीकडच्या, २०२१ च्या पद्मश्री.

जमिनीचं चित्र बदललं ते कायद्यानं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा लिंगायत, जैन सगळ्यांना लागू झाला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्माचा हक्क मुलग्यांचाच राहिला. १९९४ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही मुलीला तो दिला, फक्त आधी लग्न झालेल्या मुली बाहेर ठेवल्या. ती अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानंच येतो, ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, बाप जिवंत असो नसो. विज्ञानेश्वरांनी मुलग्याला लावलेलं जन्माचं तत्त्व असं लेकीलाही लागलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात, आणि बहिणीनं राजीखुशीनं रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र मागं फिरवणं फार अवघड जातं, त्यामुळं भाऊबीजेच्या साडीबरोबर कागद पुढं आला तर आधी वाचून घ्यावा, वकिलाला दाखवावा.