बनेटीची छायाचित्रे आणि ‘एकच एक्स्पोजर’चा वाद : पार्श्वभूमी

बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना पेटते बोळे असलेली फिरवायची काठी. तिच्या छायाचित्रांत ‘एकच एक्स्पोजर’, म्हणजे शटर एकदा उघडून मिटेपर्यंत सलग टिपलेला प्रकाश, कशाला म्हणावे यावर छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांत वाद आहे. शटर उघडे ठेवून फिरत्या प्रकाशाचा माग टिपण्याचे तंत्र १८८९ मध्ये फ्रान्समधील अभ्यासकांनी माणसाच्या सांध्यांना लहान दिवे बांधून चालण्याच्या अभ्यासासाठी वापरले होते. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत त्याच रीतीने कामगारांच्या हातांची हालचाल तपासली गेली. १९४९ मध्ये एका जगप्रसिद्ध चित्रकाराने अंधारात दिव्याने काढलेल्या आकृतींची छायाचित्रे घेतली गेली आणि हा प्रकार कलेच्या प्रांतात स्थिरावला.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी छायाचित्रकारांना हे तंत्र आकर्षक वाटते ते मर्दानी खेळांमुळे. वैशाखातील शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी आणि दांडपट्ट्याबरोबर बनेटी फिरते, आणि तिच्या दोन्ही टोकांच्या पेटत्या बोळ्यांची वर्तुळे हेच चित्राचे मुख्य आकर्षण असते. फिल्मच्या काळात ३६ चित्रांच्या रिळात काय हाती लागले ते धुऊन आल्यावरच कळे. त्यामुळे स्पर्धांचे परीक्षकही पूर्ण मिटलेले वर्तुळ आणि खेळाडूचा ओळखू येणारा चेहरा एवढ्यावर समाधान मानत. खरे पाहता ज्वालेच्या पट्ट्याची उजळता शटर किती वेळ उघडे आहे यापेक्षा अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) आणि बनेटीचा वेग यांवर अधिक ठरते. वेळ वाढवला की उजळते ती पार्श्वभूमी. म्हणूनच ज्वालेचा केशरी रंग आणि तिच्या कडा शाबूत असलेले चित्र, पांढऱ्या फटक कडांच्या चित्रापेक्षा वरचे मानले पाहिजे.

चित्ररथांवर एलईडीची रोषणाई आल्यापासून खरी पंचाईत झाली, कारण पंधरा सेकंद शटर उघडे ठेवले तर चित्रात मागचा रथ आणि रस्ता पार पांढरा पडतो. या अडचणीवर २०१४ मध्ये एका जपानी कंपनीने कॅमेऱ्यातच दिलेला ‘लाइव्ह कॉम्पोझिट’ हा उपाय सोयीचा ठरला. त्यात कॅमेरा एकामागून एक सारख्या वेळेची एक्स्पोजर घेतो आणि प्रत्येक ठिकाणी अधिक उजळ असेल तेवढाच प्रकाश आधीच्या चित्रात मिळवतो. स्थिर पार्श्वभूमी पहिल्या एक्स्पोजरइतकीच राहते, वर्तुळे मात्र वाढत जातात.

हे चित्र ‘एकाच एक्स्पोजरचे’ मानावे काय, यावर परीक्षकांची मते फाटतात. मान्य करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की फाइल एकच आहे, ती कॅमेऱ्यातच तयार झाली आहे आणि संगणकावर काहीही जोडलेले नाही. हा युक्तिवाद वरवर नीटस असला तरी त्यात मोजमाप चुकते. फाइल किती आहेत यावरून सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावर, प्रकाश सलग साठत गेला की नाही हे ठरत नाही. संगणकावर तीस चित्रे ‘लाइटन’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ भाग ठेवून, रचणाऱ्याला बाद करायचे आणि तेच काम कॅमेऱ्याकडून करून घेणाऱ्याला बक्षीस द्यायचे, याला न्याय म्हणणे कठीण आहे. अशा चित्रांसाठी वेगळा विभाग ठेवणे हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग आहे.

दोन्ही प्रकार ओळखायची एक खूण चित्रातच असते. सलग एक्स्पोजरमध्ये प्रकाशाचे दोन पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रकाशाची बेरीज होते आणि छेद अधिक उजळतो. कॉम्पोझिटमध्ये वेगवेगळ्या एक्स्पोजरमधील पट्ट्यांचा छेद अधिक उजळ पट्ट्याच्या पुढे जात नाही. ज्वाला आधीच पांढरी पडली असेल तर मात्र ही खूण निरुपयोगी ठरते. २०१५ पासून मोबाइलमध्येही अशा सोयी आल्या आणि अनेकदा त्यांतून केवळ तयार जेपेग (प्रक्रिया झालेली चित्र-फाइल) हाती येते. तिथे मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली प्रक्रिया न झालेली फाइल) मागवण्याचा नियमही तोकडा पडतो आणि परीक्षकापुढे ते छेदच तेवढे उरतात.