पत्रा हीच अर्धी वायर

जुन्या एमजीबीत, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, नवा ऑडिओ सेट बसवला. इंजिन बंद असताना गाणं सुरेख लागलं. पण इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. इंजिनाचा वेग वाढला की तो चढतो, पाय उचलला की उतरतो. इथे बरेच जण सेट बदलून आणतात, तरी शिट्टी तशीच राहते. कारण खोट बहुधा सेटमध्ये नसते, पत्र्यात असते.

बॅटरीपासून दिव्यापर्यंत गाडीत एकच वायर येते. करंट परत जातो तो बॉडीच्या पत्र्यातून. पत्रा हीच अर्धी वायर, आणि पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत ती जागोजागी गंजलेली असते.

आधी पाहायचं ते हे, की बॅटरीचं कोणतं टोक पत्र्याला जोडलंय. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी तयार झाली. त्यातल्या १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. आजच्या सेटची धातूची पेटी मात्र आतून निगेटिव्हला जोडलेली असते. तुम्ही दोन्ही वायरी अगदी बरोबर जोडल्यात, तरी पेटीचा स्क्रू डॅशबोर्डच्या पत्र्यात आवळला की थेट शॉर्ट. पेटीला प्लास्टिक गुंडाळलं तरी अँटेनाच्या केबलची जाळी बॉडीला टेकते आणि तिथून तोच शॉर्ट होतो.

म्हणून अनेक मालक सगळी गाडीच निगेटिव्ह अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, करून घेतात. त्यातलं एक काम मला फार आवडतं. इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, आणि कोणत्या टोकाला पॉझिटिव्ह येणार हे त्यावर ठरतं. बॅटरी उलटी जोडल्यावर डायनॅमोच्या वायरी सोडवायच्या आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणलेली वायर ‘एफ’ लिहिलेल्या टोकाला क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी उडते, लोखंडातलं चुंबकत्व दिशा बदलतं. काही वर्षांच्या गाड्यांत टॅकोमीटरचं (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याचं) मात्र आतलं वायरिंगही बदलावं लागतं, ते विसरू नये.

आता शिट्टीकडे येऊ. नंतरच्या एमजीबींत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. तो मिनिटाला ६००० फेरे घेतोय असं धरू, म्हणजे सेकंदाला १००. त्याला १२ ध्रुव असले तर प्रत्येक फेऱ्यात ६ आवर्तनं होतात. तीन फेजचा करंट डायोडमधून गेला की प्रत्येक आवर्तनामागे व्होल्टेजमध्ये ६ उंचवटे उरतात. गुणाकार केला तर सेकंदाला ३६०० उंचवटे, आणि आपला कान नेमका याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो.

हे उंचवटे गाण्यात शिरतात कसे? डॅशबोर्डला भोक पाडायला नको म्हणून अ‍ॅम्प्लिफायर डिकीत हलवला जातो. (मूळ डॅशबोर्ड जपायचा हा हट्ट मला पूर्ण पटतो.) सेटचं अर्थिंग पुढे डॅशबोर्डखाली, अ‍ॅम्प्लिफायरचं मागे डिकीत. मधल्या पत्र्यातून अल्टरनेटरचा करंट वाहतो. एखादा सांधा गंजलेला असला तर दोन ठिकाणांच्या अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. सिग्नलच्या केबलची जाळी ही दोन्ही टोकं जोडते, आणि अ‍ॅम्प्लिफायर तो फरक गाण्याचाच भाग समजून मोठा करतो. उपाय म्हणजे दोन्हींचं अर्थिंग एकाच बोल्टवर आणायचं. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्यायचा, वायरीच्या टोकाचं गोल थिंबल (धातूची कडी) आवळायचं, वरून ग्रीस लावायचं.

पॉवरची वायर निवडताना कंजूषी नको. १ चौरस मिलिमीटरची ४ मीटर तांब्याची वायर १५ अँपिअरला १ व्होल्ट खाते आणि १५ वॉट उष्णता कार्पेटखाली सोडते. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर दोन्ही पावपट होतात. एमजीबीची बॅटरी सीटमागे असल्याने डिकीपर्यंतचं अंतर मुळात कमीच आहे. फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. जुन्या ब्रिटिश फ्यूजवर ३५ लिहिलेलं असलं तर तो वितळतो त्या करंटचा आकडा असतो. सतत वाहायला निम्माच धरायचा.

अँटेना लपवायच्या मोहात मात्र पडू नये. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, म्हणून दांडी तिच्या पाव, म्हणजे ७५ सेंटिमीटर. अँटेनाचा उरलेला अर्धा भागही हा पत्राच. डिकीत बंद केलेल्या दांडीपर्यंत लहरी पोचतच नाहीत, पत्रा त्यांना बाहेरच अडवतो. दांडी मडगार्डवरच राहू द्या, आणि तिच्या बुडाखालचा रंगही तसाच खरवडा.