हातातला मोबाईल आणि स्टँडवरचा मोबाईल: मुभा नेमकी कशाला आहे?

मागच्या महिन्यात माझ्या भाच्याला साताऱ्यात पोवई नाक्यावर वाहतूक पोलिसांनी थांबवलं. उजवा हात गाडीच्या हँडलवर, डाव्या हातात मोबाईल. "साहेब, मॅप बघत होतो, मॅपला परवानगी आहे," हे त्याचं म्हणणं. घरी आल्यावरही दंडापेक्षा याच मुद्द्यावर तो अडून बसला होता. परवानगी आहे हे खरंच, पण तिला दोन अटी आहेत आणि तो त्यातली एकच धरून बसला होता.

आधी हातातल्या मोबाईलचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १८४ धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने धोकादायक म्हणजे काय ते तिथे नावं घेऊन सांगितलं: लाल सिग्नल तोडणं, उलट दिशेने गाडी घालणं, आणि त्यांच्याच पंगतीत गाडी चालवताना हातातलं संपर्काचं उपकरण वापरणं. शब्द 'वापरणं' असा आहे, 'बोलणं' असा नाही. त्यामुळे "मी फोनवर बोलतच नव्हतो, मेसेज बघत होतो" हा बचाव टिकत नाही. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कैदेचं वाचून लोक चमकतात, कारण पाहण्यात फक्त पावती येते. त्याचं कारण कलम २०० मध्ये आहे. राज्य सरकारने ठरवलेली तडजोड रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय तिथे दिली आहे, आणि कलम १८४ पैकी ती फक्त मोबाईलच्या गुन्ह्यापुरती आहे. या सोयीमुळेच हा गुन्हा किरकोळ वाटू लागलाय, असं मला वाटतं. शिवाय पैसे भरले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. लायसन्सचा प्रश्न वेगळा. मोबाईलसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. ज्याचं पोट गाडीवर चालतं, त्याने ते तीन महिने काढायचे कसे?

आता स्टँडवरचा मोबाईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून मुभा आली: असं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायचं, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. नियमात स्टँडचा उल्लेखच नाही. मोबाईल कुठे ठेवलाय यापेक्षा तो कशासाठी आणि कसा वापरताय, हे तिथे बघितलंय. म्हणून स्टँडवर लावून व्हिडिओ कॉल केला तर तो या मुभेत बसत नाही. भाच्याचा मॅप पहिल्या अटीत बसला, पण एका हाताने गाडी सांभाळत स्क्रीनवर बोट फिरवणारा माणूस दुसऱ्या अटीत कसा बसणार? हेल्मेटमध्ये मोबाईल खोचून बोलत जाणारे आपल्याकडे रोज दिसतात. हात मोकळे असले तरी ते रस्ता शोधत नसतात. "सिग्नलला थांबलो होतो" अशी सूटही कलमात कुठे लिहिलेली नाही.

लक्ष विचलित होणं म्हणजे काय, ते साधं गणित करून बघा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद मान खाली घातली की ५० मीटर रस्ता न बघता मागे पडला. गळीत हंगामात संध्याकाळी कोरेगाव रस्त्याने जा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. तिथे ते ५० मीटर कुठून आणायचे? मी स्वतः एकदा अशा ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलोय. त्या दिवशी मॅप स्टँडवरच होता, आणि मी चालत्या गाडीत पत्ता टाइप करत होतो.

आता कासला पाहुणे घेऊन निघालो की ठिकाण घरीच टाकतो, आवाज चालू ठेवतो आणि स्क्रीनकडे बघत नाही. रस्ता चुकलाच तर यवतेश्वरला गाडी कडेला घेऊन, बंद करून मगच मोबाईल हातात घेतो. भाच्यालाही हेच करायला लावलंय.