ॲडॉप्टरवाला यूएसबी हब (लॅपटॉपच्या एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) लावला की स्पीड वाढतो?

नाही वाढत. हा समज किती वर्षं फिरतोय देव जाणे. ॲडॉप्टर फक्त पॉवर देतो. लॅपटॉपचा साधा यूएसबी ३.० पोर्ट ५ व्होल्टला ९०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे जेमतेम साडेचार वॉट, बिनॲडॉप्टरच्या हबवर तेवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं, मग दोन हार्ड डिस्क लावल्या की एक मधेच गायब होते आणि लोक शिव्या घालतात डिस्कला. स्पीडचं म्हणाल तर हबपासून लॅपटॉपपर्यंत वायर एकच, तिचे सेकंदाला ५ गीगाबिट सगळ्यांत वाटले जाणारच. म्हणून घेताना नुसते पोर्ट मोजू नका, ॲडॉप्टरवरचा आकडा बघा, ५ व्होल्ट ४ अँपिअर म्हणजे २० वॉट. माऊस-कीबोर्डच लावायचाय? मग साधा हब बास झाला.