बुबुळात पाणी शिरतं तेव्हा

माझी आत्या साताऱ्यात मसूरजवळच्या खेड्यात राहते. गेल्या पावसाळ्यापासून तिचं एक विचित्र झालं होतं. पहाटे चुलीवरचं दूध वर आलेलं तिला दिसायचं नाही, सगळं धुक्यात. दुपारी मात्र त्याच डोळ्यांनी ती तांदळातले खडे वेचायची. शेजारणींनी ‘डोळ्यात फूल पडलंय’ असं ठरवून टाकलं. आपल्याकडे बुबुळावर पांढरं दिसलं की ते फूलच. उसाचं पान लागून जखम झाली, चिघळली आणि भरताना पांढरा व्रण राहिला, तर ते खरंच फूल. पण व्रण दुपारी विरळ होत नाही. आत्याच्या बुबुळाला सूज होती.

बुबुळावरची काचेसारखी चकती म्हणजे कॉर्निया, पुस्तकी भाषेत पारपटल. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात सुमारे ७८ टक्के पाणी. तिचा मोठा भाग कोलॅजेनच्या बारीक तंतूंचा. गंमत अशी की डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजेनचाच आहे. तिथले तंतू लहानमोठे आणि विस्कटलेले असतात, कॉर्नियातले एकसारख्या जाडीचे आणि ठरावीक अंतरावर. म्हणजे कॉर्नियाचा स्वच्छपणा मालात नाही, मांडणीत आहे.

१८७३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी दाखवलं, की कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकपदरी थर काढला तर डोळ्यातलं पाणी आत शिरून ती फुगते. तो थर पाण्याला अडवतो, एवढं तेव्हा कळलं. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी उतारवयात बुबुळ धूसर होण्याच्या एका आजाराचं वर्णन केलं, पण वर दिसणाऱ्या खुणांवरून त्याला बाहेरच्या थराच्या आजाराचं नाव दिलं. मूळ आतल्या थरात होतं, हे पुढच्या काळात स्पष्ट झालं. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखतात.

मग १९५५ साली एक साधा वाटणारा प्रयोग झाला. काढलेला डोळा थंडीत ठेवला की कॉर्निया सुजते, आणि पुन्हा उबेत आणला की बारीक होते. नुसता बांध असता तर ऊब देऊन आत शिरलेलं पाणी परत गेलं नसतं. म्हणजे कुणीतरी ते उपसत होतं, आणि गारठ्यात ते काम थांबत होतं. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत आवडतो. हा उपसा आतल्या थरातच चालतो, हे डोळ्याचे अभ्यासक डेव्हिड मॉरिस यांनी १९७२ मध्ये दाखवलं. त्या पेशी क्षार ओढून बाहेर टाकतात आणि क्षारामागून पाणी जातं.

याच मॉरिस यांनी १९५७ मध्ये पारदर्शकतेचं कोडं हातात घेतलं होतं. प्रत्येक तंतू थोडा प्रकाश विखुरतोच. पण तंतू नियमित अंतरावर असले तर बाजूला जाणाऱ्या लहरी एकमेकींना मारून टाकतात आणि सरळ जाणाराच उजेड उरतो. आक्षेप आला, की सूक्ष्मदर्शकातली मांडणी इतकी काटेकोर दिसत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गोल्डमन, बेनेडेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: मांडणी अगदी काटेकोर नसली तरी चालते, फक्त मोकळ्या जागा प्रकाशलहरीच्या लांबीच्या तुलनेत बऱ्याच लहान हव्यात. ती लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यांनी सुजलेल्या मानवी कॉर्नियाही तपासल्या, तेव्हा तंतूंच्या मधे रिकामी ‘तळी’ दिसली. कृष्णेचं पाणी उसाच्या फडात शिरलं की मधेच डबकी होतात आणि ऊस कडेला रेटला जातो, तसंच. अशा तळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि चकती दुधाळ होते. तंतू तेच, अंतर बिघडलेलं.

सकाळच्या धुक्याचा उलगडा इथेच होतो. दिवसभर उघड्या डोळ्यातले अश्रू सुकून खारट होतात आणि कॉर्नियातलं थोडं पाणी बाहेरच्या बाजूनेही ओढून घेतात. रात्री पापण्या मिटल्या की ती मदत थांबते. निरोगी डोळाही झोपेत किंचित सुजतो, पण उपसणाऱ्या पेशी पुरेशा असल्या तर ते जाणवत नाही. या पेशी गेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. वयाने त्या घटतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्येही काही जातात. म्हणून ऑपरेशन टाळा असं मुळीच नाही. आधी पेशी मोजून घ्या, एवढंच.

या पेशी जाण्याचं आणखी एक कारण आपल्या अगदी दारातलं आहे. मसूरचा मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी. शनिवारी रुईच्या पानांची माळ ओवताना देठाचा चीक बोटाला लागतो आणि तोच हात डोळ्याला जातो. हा चीक आत झिरपून त्या पेशींना इजा करतो. फारसं दुखत नाही, म्हणून माणूस घरी बसून राहतो आणि काही तासांनी दिसायला कमी होतं. डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझी ही कळकळीची विनंती आहे.

पूर्वी अशा डोळ्यावर पूर्ण बुबुळारोपणच करत. त्यातलं पहिलं यशस्वी १९०५ मध्ये डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्समध्ये केलं. १९९८ पासून नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी फक्त आतला थर बदलण्याची वाट काढली. २०१८ मध्ये जपानी डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी ११ रुग्णांच्या डोळ्यात सोडल्याचं प्रसिद्ध केलं.

आत्याला आधी मिठाच्या पाण्याचे तीव्र थेंब दिले होते. पुढे मिरजेत कुणाच्या तरी नेत्रदानातून मिळालेला आतला थर बसवला. तो शिवत नाहीत, हवेच्या बुडबुड्याने खालून टेकवून धरतात, आणि हवा वरच चढते. म्हणून सुरुवातीला आत्याला छताकडे तोंड करून उताणं पडून राहायचं होतं. आयुष्यभर कुशीवर झोपलेली बाई, पण उशीही न घेता तशीच पडून राहिली.