इंटरसर्व्हर (एमएस-डॉस)

दोन पीसी सिरियल किंवा पॅरलल केबलने जोडून एकाचे ड्राइव्ह दुसऱ्याला वापरू देणारा होस्ट प्रोग्रॅम. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६.० या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर तो मिळू लागला. आयबीएमच्या पीसी डॉस ६.१ मध्येही होता. डॉसमध्ये फाइलचे नाव आठ अक्षरांत बसवावे लागते, म्हणून टाइप करताना ‘इंटर’पुढे एस-व्ही-आर एवढेच लिहायचे. ड्राइव्ह देणारा पीसी तो होस्ट, घेणारा तो क्लायंट. क्लायंटवर चालणारा त्याचा जोडीदार इंटरलिंक. तिथेही आय गाळून एल-एन-के.

हा कॉपी करणारा प्रोग्रॅम नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. होस्टवर इंटरसर्व्हर सुरू केला की तो पीसी आपले ड्राइव्ह उसने देऊन नुसता बसून राहतो. पडद्यावर दोन रकाने दिसतात, होस्टचा कोणता ड्राइव्ह पलीकडे कोणत्या अक्षराने दिसतो ते सांगणारे. तळाशी पोर्ट आणि वेग. त्या पीसीवर दुसरे काहीच करता येत नाही. सगळे काम क्लायंटच्या कीबोर्डवरून आणि नेहमीच्याच कॉपी, एक्सकॉपी, डिर या कमांडनी होते. ऑल्ट+एफ४ दाबले की होस्ट मोकळा.

क्लायंटवर इंटरलिंक हा ड्रायव्हर म्हणून, डॉस सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग.सिस फाइलमध्ये ‘डिव्हाइस=’ लिहून घालतात आणि पीसी रीबूट करतात. ही ओळ फाइलच्या शेवटी ठेवावी. आधी ठेवली तर तिच्यानंतर येणाऱ्या रॅम ड्राइव्हचे (मेमरीत बनवलेल्या ड्राइव्हचे) अक्षर पुढे सरकते आणि जुन्या बॅच फाइली भलत्याच ड्राइव्हवर जातात. काही न सांगितल्यास तीनच ड्राइव्ह जोडले जातात. जास्त हवे असतील तर ‘/ड्राइव्ह्ज:५’ असा आकडा द्यायचा. होस्टवर कमांडपुढे ‘सी: डी:’ लिहिले तर तेवढेच ड्राइव्ह, त्याच क्रमाने मिळतात. असे लिहिले आणि क्लायंटवर सीपर्यंतचेच ड्राइव्ह असतील तर होस्टचा सी तिथे डी होतो. क्लायंट आधी सुरू झाला आणि होस्ट नंतर, तरी बिघडत नाही. क्लायंटवर नुसते इंटरलिंक टाइप केले की जोडणी पुन्हा तपासली जाते. क्लायंटला सुमारे १६ केबी मोकळी मेमरी लागते, होस्टला १३०.

बहुतेक वेळा घोडे अडते ते केबलपाशी. बाजारात मिळणारी साधी ९ पिनांची एक्स्टेन्शन केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात २ नंबरची पिन २ लाच जाते. म्हणजे दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकायला कोणी नसते. हवी ती तारा उलटसुलट जोडलेली नल-मोडेम केबल: २ ते ३, ३ ते २, ७ ते ८, ८ ते ७, ४ ते ६, ६ ते ४ आणि ग्राउंड ५ ते ५. मल्टिमीटरवर एका टोकाची २ आणि दुसऱ्या टोकाची ३ लावून बीप आला की निम्मी शंका फिटते. फाइली हलवायला २, ३ आणि ५ एवढ्या तीन तारा पुरतात.

सातही तारा लागतात त्या इंटरसर्व्हरपुढे लिहायच्या ‘/आरकॉपी’ला. क्लायंटकडे इंटरलिंकच नसेल आणि फ्लॉपी ड्राइव्हही मेलेला असेल, तर होस्ट स्वतःच दोन्ही फाइली केबलमधून तिकडे ढकलतो. त्यासाठी पलीकडच्या पीसीवर मोड कमांड असावी लागते. आधी तिने कॉम१ हा पोर्ट २४०० वेग, पॅरिटी नाही, ८ बिट, १ स्टॉप बिट असा लावायचा, मग ‘सीटीटीवाय कॉम१’. यानंतर त्या पीसीचा कीबोर्ड प्रतिसाद देत नाही. तो हँग झाला असे समजून रीसेट दाबणारे पुष्कळ. खरे तर त्याचा ताबा आता सिरियल पोर्टकडे गेलेला असतो.

सिरियल माउस असलेल्या पीसीवर पोर्ट स्पष्ट सांगावा, उदा. ‘/कॉम:२’. न सांगितल्यास प्रोग्रॅम सगळे पोर्ट चाचपतो, त्यात माउसचाही येतो आणि माउस गप्प होतो. फाइल मागताच एखादा पीसी गोठत असेल तर ‘/व्ही’ लावतात. तो पीसीच्या टायमरशी होणारी टक्कर टाळतो. उसन्या ड्राइव्हवर चेकडिस्क, डीफ्रॅग, डिस्ककॉपी, फॉरमॅट, अनडिलीट चालत नाहीत, कारण त्यांना थेट डिस्कवरच काम करावे लागते. सीडी-रॉम आणि नेटवर्कचे ड्राइव्ह मुळात उसने देता येत नाहीत. एक्सकॉपी लपवलेल्या आणि सिस्टिम फाइली गुपचूप सोडून देते, तेव्हा त्यांच्यावरच्या या खुणा आधी अट्रिब कमांडने काढाव्या.

सिरियलचा कमाल वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला तेवढे बिट. प्रत्येक बाइटमागे १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला फार तर ११,५२० बाइट. १.४४ एमबीच्या फ्लॉपीएवढ्या मजकुराला दोन मिनिटे, १०० एमबीला अडीच तास, तेही काही न अडता. सिरियल पोर्टला एका वेळी एकच बाइट सांभाळणारी जुनी ८२५० चिप असेल तर ‘/बॉड:’ने वेग उतरवणे शहाणपणाचे; १६ बाइटांचा बफर असलेली १६५५०ए निवांत झेलते. ११ तारांची पॅरलल केबल याहून बरीच जलद. दोन्हीकडे तो पोर्ट असेल तर सिरियलच्या वाटेला जाऊ नये.

विंडोज ९५ मध्ये ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ आल्यावर याची गरज आटली. आता जुन्या लॅपटॉपमधून काही बाहेर काढायचे असेल तेव्हाच हा आठवतो. यूएसबीचा सिरियल कन्व्हर्टर इथे कामाचा नाही, कारण प्रोग्रॅम कॉम१ चा ३एफ८ हा पत्ता थेट हाताळतो. पलीकडेही खराच सिरियल पोर्ट हवा. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या यंत्रणेवर टंकलेला, इस्की या ८ बिटांच्या जुन्या संकेतातला मराठी मजकूर केबलमधून जसाच्या तसा येतो, कारण आठही बिट जातात. नव्या पीसीवर तो उघडल्यावर चिन्हांची खिचडी दिसली तर केबलला दोष देऊ नये. ते बाइट इस्कीचे आहेत, ते आधी युनिकोडमध्ये बदलावे लागतात.