प्ले-कॉलिंग वेगळं, गेम प्लॅन वेगळा: बेअर्सच्या रुकी क्वार्टरबॅकचं मातेरं नक्की कुठे होतं?

अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्सचा ऑफेन्स (चेंडू हातात असतानाचा हल्ला) ठप्प झाला की शिकागोच्या उपनगरांतल्या, शॉमबर्ग-नेपरव्हिलकडच्या आपल्या मंडळींचा निकाल पहिल्या क्वार्टरलाच लागलेला असतो: प्ले-कॉलर, म्हणजे सामन्यात प्रत्येक प्ले (चाल) पुकारणारा कोच, बदला. हेड कोच मॅट नॅगीच्या वेळी हेच ऐकलं, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्स सांभाळणारा कोच) शेन वॉल्ड्रनच्या वेळीही हेच. आणि गंमत म्हणजे बेअर्सवालेही दर वेळी हेच करतात. कॉल देणारा बदलतात, दोन आठवडे बरे जातात, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. कारण कॉल देणं आणि प्लॅन बांधणं ही दोन कामं आहेत. रुकी (पहिल्याच हंगामातला) क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, बिघडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कामात, आणि आपण शिव्या घालतो पहिल्याला.

प्ले-कॉलिंग काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे फार पाल्हाळ लावत नाही. लॅमिनेट केलेला भला मोठा कागद, तोंडावर धरलेला हात, चाळीस सेकंदांचं घड्याळ, आणि पंधरा सेकंद उरले की बंद होणारा हेल्मेटमधला रेडिओ. समोरच्या कागदावरून एक ओळ निवडायची आणि क्वार्टरबॅकच्या कानात घालायची. धावायचं की फेकायचं, धोका आत्ता पत्करायचा की पुढच्या डाउनला (दहा यार्ड गाठायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक म्हणजे डाउन). यात निव्वळ चुका होतात आणि त्या उघड दिसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये गोल लाइन हाताच्या अंतरावर असताना वॉल्ड्रननं चेंडू डग क्रेमरकडे दिला. क्रेमर हा ऑफेन्सिव्ह लाइनमन, पुढे उभा राहून समोरच्यांना अडवणारा; चेंडू घेऊन पळणं त्याचं काम नव्हे. चेंडू हातातून निसटला, समोरच्यांनी उचलला. हा कॉलचा दोष, चोख. यावर वाद घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

पण ‘त्या कागदावर काय लिहिलंय’ हा प्रश्न वेगळा आहे. आणि तो रविवारी सुटत नाही.

रविवारचा सामना संपला की सोमवारी व्हिडिओ. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी, कोच मात्र रात्री उशिरापर्यंत ऑफिसात. प्लॅन जन्माला येतो तो इथे. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे प्ले मैदानावर उतरतात, गुरुवारी थर्ड डाउनचे, शुक्रवारी गोल लाइनजवळचे. संघागणिक थोडाफार फरक असतो, पण साचा हाच. शनिवारपर्यंत सुरुवातीच्या पंधराएक प्लेचा क्रमसुद्धा ठरलेला असतो. रविवारी कॉल देणाऱ्याच्या हातात येतं ते हे शिजून तयार झालेलं ताट. वाढपी बदलला म्हणून आमटीची चव बदलत नाही, ती आचाऱ्याच्या हातात असते. बुधवारी ज्याचा सराव झाला नाही, तो प्ले रविवारी जगातला सर्वात हुशार प्ले-कॉलरही मागू शकत नाही. मागितलाच, तर लाइन (लाइनमनांची पुढची रांग) एकीकडे जाईल आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) दुसरीकडे.

आता २६ सप्टेंबर २०२१, क्लीव्हलंड. बेअर्सचा रुकी क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सची पहिली स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना). २० पैकी ६ पास पूर्ण, ६८ यार्ड, आणि ९ सॅक (पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं). सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा केले तर पासिंगची निव्वळ कमाई १ यार्ड. एक. सगळ्या ऑफेन्सचे मिळून ४७. क्लीव्हलंडच्या माइल्स गॅरेटनं एकट्यानं साडेचार सॅक घेतले. बेअर्स ६-२६ हरले. कॉल नॅगीच देत होता, त्यामुळे सगळा राग ‘नॅगीचे कॉल’ या दोन शब्दांत जमा झाला.

मी तो सामना नंतर परत बघितला. (हौस लागते. नसेल तर बघू नका.) त्या दिवशी चुकलेला एक कॉल शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही. दिसतं ते असं: फील्ड्स शॉटगनमध्ये (लाइनपासून काही पावलं मागे) उभा, समोर पाच जणांची लाइन, डाव्या टोकाला ३९ वर्षांचा जेसन पीटर्स. टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही घेणारा) आणि रनिंग बॅक स्नॅप होताच, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे येताच, पास घ्यायला आपापल्या रूटवर निघून जातात. जाता जाता गॅरेटला खांद्याचा एक धक्का देऊन जायचं, ज्याला चिप म्हणतात, ते क्वचितच. फील्ड्स सरळ मागे सरकतो, मागे जाऊन थांबतो, मैदानाच्या दोन्ही बाजू वाचायला लागतो, आणि दुसऱ्या रिसीव्हरपर्यंत नजर पोचायच्या आत गॅरेट त्याच्या कमरेला. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच.

हा जो सरळ मागे जाऊन उभा राहून खेळायचा ऑफेन्स होता, तो फील्ड्सचा नव्हताच मुळी. तो अनुभवी क्वार्टरबॅक अँडी डाल्टनचा होता. ड्राफ्टमधल्या (कॉलेजातले खेळाडू निवडायच्या प्रक्रियेतल्या) वरच्या पिकासाठी न्यूयॉर्क जायंट्सना पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिकही देऊन बेअर्सनी फील्ड्सला अकराव्या क्रमांकावर घेतलं, आणि मग सबंध उन्हाळा पहिल्या संघाबरोबर सराव केला डाल्टननं. फील्ड्स दुसऱ्या फळीबरोबर. दुसऱ्या आठवड्यात डाल्टनचा गुडघा दुखावला आणि पोराच्या हातात एका आठवड्याच्या सरावावर दुसऱ्याच्या मापाचा ऑफेन्स आला. रुकीला कसं हाताळलं हा प्रश्न विचारायचा तर तो या उन्हाळ्याबद्दल विचारा. क्लीव्हलंडच्या तिसऱ्या डाउनबद्दल नंतर बोलू.

मग याच्या जागी काय हवं होतं? बूटलेग घ्या. क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या लाइनमनच्या) पाठीशी, अंडर सेंटर. स्नॅप झाला की सगळी लाइन डावीकडे, रनिंग बॅकही डावीकडे, हातात चेंडू दिल्याचं सोंग. क्वार्टरबॅक पाठमोरा वळून एकटा उजवीकडे निसटतो. त्याच्यापुढे त्याच बाजूला दोन-तीन रिसीव्हर, एक जवळ, एक मध्यावर, एक लांब. त्याला अर्धंच मैदान वाचायचंय. समोरचा पास-रशर आधी रनच्या मागे धावतो आणि दोन पावलं गमावतो. कुणी मोकळा नसेल तर फील्ड्ससारखा ४० यार्ड साडेचार सेकंदांच्या आत पळणारा गडी स्वतःच पळतो. यात नवीन काहीच नाही, कित्येक दशकांचा जुना प्रकार आहे. पण पाठ फिरवून चेंडू लपवणं, लाइनच्या पायांचा ताल, टाइट एंडचं आधी ब्लॉक करून मग निसटणं, हे सगळं बुधवारी-गुरुवारी घोटावं लागतं. रविवारी आठवून चालत नाही.

पुढच्या रविवारी डेट्रॉइटविरुद्ध कॉल दिले ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बिल लेझरनं. बेअर्स २४-१४ जिंकले, आणि समस्त शिकागोनं ठरवलं की रोग सापडला. पण त्या दिवशी खरं काय वेगळं होतं ते बघा. फील्ड्सनं फक्त १७ पास फेकले. अंडर सेंटर जास्त, धावणं आधी, डेव्हिड माँटगोमेरीचे १०६ यार्ड आणि २ टचडाउन. त्या धावण्याच्या जोरावर प्ले-अ‍ॅक्शन (धावायचं सोंग करून फेकलेले पास), आणि त्यातून रिसीव्हर डार्नेल मूनीकडे लांबचे पास. १७ फेकींत २०९ यार्ड निघाले ते यामुळे. हे लेझरच्या आवाजातून आलं नाही, त्या आठवड्याच्या सरावातून आलं. आणि तो प्लॅन टिकला नाही तेव्हा लेझरचा आवाजही कामाला आला नाही. त्याच महिन्यात टॅम्पामध्ये ३-३८. फील्ड्सचे ३ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). कॉल लेझरचेच.

त्याआधीचं २०२० तर लोक साफ विसरलेत. नॅगीनं तेव्हाही हंगामाच्या मधेच कॉलिंग लेझरकडे दिलं होतं. पहिल्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध ऑफेन्सला एकही टचडाउन मिळाला नाही. जो एक मिळाला तो कॉर्डरेल पॅटरसननं किकऑफ परतवून आणला. गुण वाढले ते नंतर, क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की परत आल्यावर आणि त्याला पॉकेटबाहेर (लाइनच्या संरक्षणाबाहेर) काढणारे, धावण्यावर उभे असलेले प्ले आल्यावर. समोरचे डिफेन्सही कच्चे होते, ते मान्य. पण कॉलर तर दोन्हीकडे एकच होता ना? आणि २०२१ आलं तसं नॅगीनं कॉलिंग परत घेतलं, जणू काही शिकायचंच नव्हतं.

अजून कुणाला शंका असेल तर याची उलट बाजू २०२२ ची. नॅगी गेलेला, ऑफेन्स आणि कॉल नवा कोऑर्डिनेटर ल्यूक गेट्सीकडे. पहिले सहा सामने: एकूण ९३ गुण. मग गुरुवारच्या सामन्यानंतर मिळालेल्या जादा दिवसांत गेट्सीनं प्लॅन बदलला. क्वार्टरबॅकनं मुद्दाम धावायचे, आखलेले प्ले आले. न्यू इंग्लंडमध्ये ३३ गुण, डॅलसमध्ये २९, मायामीविरुद्ध ३२, डेट्रॉइटविरुद्ध ३०. चार सामन्यांत १२४. मायामीविरुद्ध फील्ड्स १७८ यार्ड धावला, नियमित हंगामातल्या एका सामन्यात तोवर कुठलाच क्वार्टरबॅक इतका धावला नव्हता. कॉल देणारा तोच, कागद वेगळा. त्या चारांतला एकच सामना जिंकले हे खरं, पण ३२ आणि ३० गुण करूनही तीन आणि एका गुणानं हरायला डिफेन्स जबाबदार असतो. त्याचं खापर इथे फोडू नका.

तर मग ओळखायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. पहिले दोन ड्राइव्ह (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतचे सलग प्ले) बघायचे. ते आधी ठरवलेल्या क्रमानं चालतात, म्हणजे निव्वळ प्लॅन. ते छान गेले आणि दुसऱ्या हाफमध्ये सगळं आटलं, तर कॉल देणाऱ्याला धरा, समोरच्यानं केलेले बदल त्याला वाचता आले नाहीत. पहिल्या ड्राइव्हलाच क्वार्टरबॅक जीव मुठीत धरून पळत असेल, तर मंगळवारी ऑफिसात बसलेल्या सगळ्यांना धरा. आणि हेड कोच ऑफेन्सचा माणूस म्हणून नेमला असेल, तर सर्वांत आधी त्याला. कॉलिंग दुसऱ्याकडे दिलं की प्लॅनची जबाबदारीही गेली, असं नाही.

बाकीचे फरक किरकोळ. प्लेबुक म्हणजे सगळा साठा, गेम प्लॅन म्हणजे त्यातलं या आठवड्यापुरतं. क्वार्टरबॅकनं लाइनवर ओरडून प्ले बदलला तर तो ऑडिबल, आणि तोही प्लॅनमध्ये असेल तरच.

एका गोष्टीनं मात्र माझं डोकं उठतं: ‘रुकी आहे म्हणून प्लेबुक छोटं केलं.’ टीव्हीवरचे समालोचक हे अशा सुरात सांगतात की कोचनं केवढा मनाचा मोठेपणा दाखवला. डाल्टनच्या ऑफेन्समधून निम्मे प्ले काढले तर उरतो तो निम्मा डाल्टनचाच ऑफेन्स. आणि बहुतेकदा काढले जातात ते नेमके हालचालीचे, फसवाफसवीचे प्ले, कारण ते ‘अवघड’. उरतो सरळ मागे जाऊन उभं राहण्याचा प्रकार. म्हणजे रुकीला सर्वांत जड जाणारं काम तेवढं त्याच्या वाट्याला ठेवलं.

दुसरी तशीच: ‘कॅन्सस सिटीनं रुकी क्वार्टरबॅक माहोम्सला वर्षभर बसवलं, नॅगी तेच करत होता.’ नॅगी २०१७ मध्ये तिथेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, म्हणून हे पटकन पटतं. पण तिथे पुढे अ‍ॅलेक्स स्मिथ होता आणि त्या वर्षी त्याचं पासर रेटिंग लीगमध्ये सर्वांत वरचं होतं. बसवायला तसा माणूस लागतो. शिवाय बसवणं हा प्लॅनचा भाग तेव्हाच, जेव्हा बसलेल्याला उठवण्याचाही प्लॅन असतो. शिकागोत डाल्टनचा गुडघा गेला त्या दिवशी तसं काही तयार दिसलं नाही.

२०२४ मध्ये सगळं परत घडलं. पुन्हा रुकी क्वार्टरबॅक, पहिल्या क्रमांकाचा पिक केलेब विल्यम्स. १० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडविरुद्ध ३-१९, आणि सॅक किती? पुन्हा ९. दोन दिवसांत वॉल्ड्रनला काढलं, कॉल त्याच्या जागी आलेल्या थॉमस ब्राउनकडे. पुढच्या सामन्यात ग्रीन बेविरुद्ध पास लवकर सुटू लागले, विल्यम्स ७० यार्ड धावला, एका गुणानं हरले. यातलं पासचं आणि धावण्याचं श्रेय ब्राउनच्या त्या आठवड्याच्या प्लॅनला द्या, माझी हरकत नाही. पण हंगामाच्या मध्यावर ऑफेन्सचा पाया बदलता येत नाही, डागडुजीच होते. वर्षअखेर विल्यम्सच्या नावावर ६८ सॅक होते. त्यातले बरेच त्यानं स्वतः चेंडू धरून ठेवल्यामुळे, हेही लिहून टाकतो, नाहीतर मी पोराची वकिली करतोय असं वाटायचं.

आणि हेड कोच मॅट एबरफ्लूसची नोकरी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी गेली, तिचा या दोन्हींशी संबंध नाही. डेट्रॉइटमध्ये तीन गुणांनी मागे, हातात एक टाइमआउट, विल्यम्सला सॅक झाला, घड्याळ पळत राहिलं आणि टाइमआउट खिशातच राहिला. त्याला ना प्लॅन लागतो ना कॉल, फक्त घड्याळ बघावं लागतं.